काचेतली जागा

टण्ण! वाटीवर चमचा वाजला आणि दुपारची शांतता तडकली. शनिवार पेठेत जेवणानंतर कुणी कुणाच्या दाराची बेल वाजवत नाही, पण चार वर्षांच्या अवनीला तो नियम मंजूर नव्हता.

"पहिली घंटा!" तिने पुकारलं. "आई, नाटक कर!"

सुरुची ओट्याला टेकून, डोळे मिटून संवाद पुटपुटत होती. तिने लेकीच्या गालावर चिकटलेलं भाताचं शीत टिपलं. "दुसरी तर होऊ दे, बाई."

कॉलेजात एकांकिकांनी तिला वेड लावलं होतं. मग लग्न झालं, मग अवनी. नाटक करणं सुटलं तरी बघणं सुटलं नाही. पोरीला कडेवर घेऊन ती रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला जायची. पहिल्याच खेपेला अवनीने भोकाड पसरलं, तशी डोअरकीपर पोपटने बॅटरीचा झोत टाकला. "बाई, एका तिकिटात दोन नाटकं नकोत लोकांना. वर क्राय रूम आहे, तिथे बसा."

रडणाऱ्या मुलांच्या आयांसाठी बांधलेली ती खोली प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, जिना चढून होती. समोर भिंतभर काच, चार फाटक्या खुर्च्या, संवाद ऐकवणारा खरखरता स्पीकर. कुबट स्पंजचा आणि जुन्या बेबी पावडरचा वास. तिथे दुसरं कुणी फिरकायचं नाही. सुरुचीला ती खोली फार आवडली, कारण तिथे मोठ्याने बोललं तरी खाली ऐकू जात नव्हतं.

एकाच नाटकाचे पुण्यातले सगळे प्रयोग तिने तिथून पाहिले. नायिकेची सगळी वाक्यं ती बरोबरीने म्हणायची. खालचे दिवे मंदावले की काचेत तिचा स्वतःचा चेहरा उमटायचा. नायिका खिडकीशी उभी राहिली की तो नेमका तिच्या चेहऱ्यावर बसायचा.

एका रविवारी अवनीला पाणी पाजायला ती वाक्य अर्धवट टाकून थांबली. काचेतल्या ओठांनी मात्र ते पुरं केलं.

दिव्यांचा खेळ, ती स्वतःशी म्हणाली. फिजिक्सची पदवी होती तिच्याकडे.

पुढच्या खेपेला अवनी जमिनीवर बसून बुटाशी खेळत होती. काचेत ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून होती. सुरुचीने मान वळवून पाहिलं, परत काचेकडे पाहिलं. काचेत आता नुसतं रंगमंचावरचं घर.

निघताना अवनीने काचेकडे हात हलवला.

"कुणाला टाटा करतेस गं?"

"आतल्या आईला."

तेव्हा सुरुचीच्या लक्षात आलं, या खोलीत अवनी कित्येक महिन्यांत रडलेलीच नव्हती.

ती परत तिथे जाणार नव्हती. पण तेवढ्यात त्या नाटकाच्या नायिकेला मालिका मिळाली आणि ती मुंबईला गेली. सुरुचीने धीर करून दिग्दर्शिका पद्मजाताईंना फोन लावला. तालमीच्या हॉलमध्ये तिने संहिता हातात न घेता अख्खा पहिला अंक उभा केला.

पद्मजाताईंनी चष्मा काढून पुसला. "रिप्लेसमेंट म्हणजे तिची साडी, तिच्या जागा, तिचे शब्द. बाई बदलली हे प्रेक्षकांना कळता कामा नये. जमेल?"

"जमेल."

"मुलगी लहान आहे ना तुझी?"

"तिचा बाबा बघेल."

"बघू. रविवारी पडलीस, तर सोमवारी मी दुसरी शोधेन. आत्ताच सांगून ठेवते, नंतर रडायचं नाही."

रविवारी तिचा नवरा अभिनव अवनीला घेऊन पुढच्या रांगेत बसला. सकाळच्या घाईत सुरुचीने लेकीचे केस कसेबसे एका रबरात अडकवले होते. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. पहिला अंक रंगला. मध्यंतरात ती मेकअप रूममधून हलली नाही. पद्मजाताईंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी हे आपलं होत होतं.

दुसऱ्या अंकात ती खिडकीशी आली आणि ठरल्याप्रमाणे नजर वर उचलली.

काचेमागे एक बाई बसली होती. मांडीवर अवनी.

सुरुचीचं पुढचं वाक्य गेलं. साफ गेलं. विंगेत पद्मजाताई पुढे सरकलेल्या तिला दिसल्या.

वर, काचेमागे ओठ हलले.

"मी गेले नाही," सुरुची म्हणाली. "दार तुम्ही लावून घेतलंत."

टाळ्या पडल्या.

पुढचं वाक्यही आधी तिकडे हललं, मग इकडे उमटलं. त्याच्या पुढचंही. ते ओठ थांबले असते, तर सुरुचीही थांबली असती.

पडदा पडताच ती नायिकेच्या साडीतच खाली धावली. अभिनव एकटाच टाळ्या वाजवत उभा होता.

"अवनी कुठंय?"

"म्हणजे? मध्यंतरात तूच नेलीस ना? घरचा कुर्ता घालून आली होतीस. म्हटलं, उशीर होईल तुला, तर नुसती हसलीस."

ती जिन्याकडे पळाली. पायथ्याशी पोपट उभा होता. "कमाल आहे बाई. आत्ता तर उतरलात तुम्ही. साडी कधी नेसलात?"

तिने दार ढकललं.

अवनी खुर्चीत शहाण्यासारखी बसली होती. मधोमध सरळ भांग, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. सुरुचीने तिला उराशी धरलं. केसांना बेबी पावडरचा वास येत होता.

मग तिने काचेकडे पाहिलं. चार खुर्च्या होत्या. अवनी होती, हवेत कलंडलेली, कुणालातरी बिलगलेली.

सुरुचीने हात वर केला. काचेत काहीच हललं नाही.

अवनी मागे सरकली. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट निरखला.

"आई, पुढच्या रविवारी खाली नाटक आतली आई करणारे. मग तू माझ्याजवळ बसशील, की काचेत?"