न दुखवणारा उजेड

औषधांच्या दुकानात उभी राहून मी दिवसभर दुसऱ्यांच्या डोकेदुखीवर गोळ्या देते. स्वतःच्या डोकेदुखीवर मात्र मला गोळी सापडत नव्हती. फोनच्या पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं की डाव्या भुवईच्या आत कोणीतरी स्क्रू पिळायला लागायचं. मग डोळ्यांत पाणी, मग मळमळ, मग पडदे ओढून पडून राहणं. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, फोन बघणं सोडा, झालं." सल्ला लाखमोलाचा, फक्त माझ्या कामाचा नव्हता.

कारण माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी मांजरासारखी टक लावून बघायची म्हणून आम्ही तिला मनी म्हणतो. गालावरून मिशांसारखी दोन बोटं ओढली की झाली तिला हाक मारून. घरात आम्ही तिघंही हातांनीच बोलतो. ह्यांचे हात सुतारकामाने राठ झालेले, त्यात डाव्या हाताची अनामिका करवतीने कधीच नेलेली. त्यामुळे ह्यांचं बोलणं जरा बोबडं. 'घर' म्हणताना दोन्ही हातांची बोटं छपरासारखी एकमेकांना टेकवायची असतात. ह्यांच्या छपरात एक फट राहते. मनी बोलायला शिकली ती ह्यांच्या मांडीवर, त्यामुळे तीही 'घर' म्हणताना ते बोट दुमडते. शाळेतल्या बाईंनी कितीदा सरळ करून पाहिलं, पण छे. "आमच्या घराला एक कौल कमीच आहे," असं वर ऐटीत सांगायची.

आता ती दूर, चिनीमातीच्या कारखान्यात कपांच्या काठांवर रंगाची रेघ ओढते. हात असा स्थिर की रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळते. तिथून तिचा शब्द माझ्यापर्यंत यायचा तो फोनच्या पडद्यावरूनच. आणि पडदा माझ्या डोक्याचा वैरी.

उपाय काय कमी केले? पिवळा चष्मा लावला. उजेड इतका कमी केला की मनीचं नाक तेवढं दिसायचं. कागदासारखी दिसणारी खरबरीत फिल्म चिकटवली. फोन बदलले, हे म्हणाले, "लोक जावई बघताना एवढे बघत नाहीत." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. उत्तम डोळे घेऊन मी घरी आले आणि उशीत तोंड खुपसून पडले.

बोलणं आखडत गेलं. ती काहीतरी रंगात येऊन सांगत असायची आणि माझे डोळे मिटायचे. आमच्यात बोलणाऱ्यासमोर डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. एकदा तिने हात मध्येच थांबवले. मग म्हणाली, "आई, राहू दे. आपण लिहूनच पाठवत जाऊ."

लिहिलेले शब्द तिला दुसऱ्याच्या कपड्यांसारखे होतात. बाह्या लांब, खांदे उतरलेले. 'मी बरी आहे. काम बरे आहे. तू झोप.' हे वाचलं की वाटायचं, कोणी परकी मुलगी माझ्या मुलीची खुशाली कळवते आहे. माणसं देव भेटावा म्हणून घरदार सोडतात, उपाशी राहतात. मला नुसती लेक भेटायला हवी होती, डोकं शाबूत ठेवून. देवापुढे हात जोडून मी एवढंच मागत होते.

ह्यांच्या सुतारी कारखान्याशेजारच्या गाळ्यात एक बाई फोन दुरुस्त करायची. सगळे तिला काचवाली म्हणत. हे मला तिच्याकडे घेऊन गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"पडदे लुकलुकतात, ताई. उजेड कमी दाखवायला उघडझाप करतात, इतकी भराभर की डोळ्याला पत्ता लागत नाही. एखाद्याच्या डोक्याला लागतो."

"न लुकलुकणारेही वापरून झाले."

काचवालीने टेबलावरच्या पिना सारख्या केल्या. मग तिने खालचा खण उघडला. "हा एक आहे. एका बाईंनी काढून घ्यायला लावला होता."

"का?"

"बोलल्या नाहीत. दुखतोय का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, नाही, अजिबात नाही."

"मग काय सुख टोचत होतं?" हे म्हणाले.

काचवाली हसली नाही. तिने माझ्या फोनला तो पडदा बसवला.

त्या पडद्याचा उजेड कसा होता, हे सांगणं अवघड आहे. दुपारी झोपलेल्या घरात पातळ पडद्यातून ऊन गाळून येतं ना, तसा. तो डोळ्यांवर येत नसे. आपणच त्यात हळूच उतरतो आहोत असं वाटे. पहिल्या दिवशी मी मनीला फोन लावला आणि डोकं दुखायची वाट बघत बसले. मनी हसली. तिच्या मागे फिकट भिंत होती, खिडकीची कड होती. ती बोलू लागली, मी बोलू लागले. भानावर आले तेव्हा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती आणि डोकं मात्र धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ. मी फोन कपाळाला लावला. देवा, तुझी करणी अगाध, म्हटलं.

मग रोज दुपारी दुकान बंद झालं की मी आणि मनी. ती मला सगळं विचारायची. तिच्या लहानपणचं ऐकायला तिला फार आवडायचं: पहिला शब्द कुठला बोलली, तापात कशी बडबडली, कशाला घाबरायची. मी सांगत बसायची. तिला कधी काम नसे, घाई नसे. कधीकधी मी फोन हातात घ्यायची तर ती आधीच समोर असायची, हात मांडीवर ठेवून.

त्या उजेडाची एक गंमत मला मागाहून लक्षात आली. तो माझ्या हातांवर पडत नसे. खोली अंधारी करून बघितलं, तरी हात काळेच.

आणखी एक. मनीचं 'घर' सुधारलं होतं. सगळी बोटं सरळ, छप्पर अगदी बंद. मी म्हटलं, "कौल बसवलंस वाटतं!" ती नुसती हसली. नव्या मैत्रिणींत वावरून बोलणं शुद्ध झालं असेल, असं मी मनाला समजावलं. आईला लेकीची प्रगती टोचते की काय, म्हणून स्वतःलाच दटावलं.

ह्यांना एकदा शेजारी बसवलं. हे डोळे बारीक करून बघत राहिले.

"काही दिसत नाही गं. फिकट आहे नुसतं."

"अहो, समोर बसलीय. बाबांना हात कर गं, मनी."

मनीने ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. ह्यांच्या बोबड्या हातांची फिरकी घेतल्याशिवाय ती कधी राहिली नव्हती.

"तुझ्या डोळ्यांपुरताच पडदा दिसतोय हा," हे उठता उठता म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी ह्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. मनीचा निरोप होता. 'आई रागावली का. मी रोज फोन करते. ती घेत नाही.'

"असं कसं? काल दुपारी तर आम्ही बोललो," मी म्हणाले.

"काय बोललात?"

मी सांगायला तोंड उघडलं. मी काय काय सांगितलं ते सगळं आठवत होतं. तिने काय सांगितलं ते आठवेना. कपांबद्दल, रंगाबद्दल, मुकादमाबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती.

दुपारी मी पडद्यावरच्या मनीला विचारलं, "बाबांना निरोप कोण पाठवतंय?"

तिने मान कलती केली. "डोकं दुखतंय का तुझं?"

"नाही."

"मग झालं तर."

हे मागे दारात उभे होते. आत आले, आपला फोन टेबलावर माझ्या फोनशेजारी टेकवून ठेवला आणि मनीला लावला.

तिने तत्काळ घेतला.

अंगात कारखान्याचा ॲप्रन, हनुवटीला निळा रंग, मागे मांडणीवर कोरे कप. डोळे सुजलेले. मला बघताच तिने हातातला कुंचला खाली ठेवला.

"आई. माझं काय चुकलं?"

माझ्या भुवईत स्क्रू फिरला. डोळ्यांना पाणी सुटलं. मी डोळे मिटले नाहीत.

"मला घरी यायचंय," ती म्हणाली. छपरात एक फट होती.

शेजारी, मऊ उजेडात, दुसरी शांत बसली होती. तिने माझ्यावरची नजर कधी काढली नव्हती. आता काढली. ती ह्यांच्या फोनकडे बघत होती.

तिने हात उचलले. 'घर' म्हटलं. बोटं सरळ.

मग तिने आपला डावा हात डोळ्यांजवळ नेला, निरखला.

आणि सावकाश एक बोट दुमडलं.

मी माझा फोन पालथा घातला.

मी फोन घेऊन काचवालीकडे गेले. तिने पडदा काढला, फडक्यात गुंडाळला. खण उघडताना एवढंच म्हणाली, "दुखत नव्हता ना?" मी मान हलवली. गाळ्यातून बाहेर पडताना, खरं सांगते, मला रडू आलं, आणि ते सुटकेचं नव्हतं.

मनी रजा काढून आली. ह्यांनी बॅग घेतली, तिने ह्यांचा हात धरून बोटांची चेष्टा केली, ह्यांनी तिला टपली मारली. घर एकदम भरून गेलं. तिने माझ्यासाठी एक कप आणला होता. काठाला निळी रेघ. हे दूध आणायला खाली गेले आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मध्ये पडदा नाही, काच नाही, हात लांबवला तर गालाला लागेल एवढं अंतर.

"आता बोल," मी म्हटलं. "पोटभर बोल."

ती बोलू लागली. मुकादमाची नक्कल, खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं, भट्टीत तडकलेले कप. तिचे हात भराभर चालत होते, आणि मी त्यांत बघत होते, आणि डाव्या भुवईच्या आत स्क्रू फिरायला लागला.

मी सोसलं. हसले. माझ्या नजरेत तिच्या बोटांच्या कडा फुटू लागल्या, पांढऱ्या झाल्या.

मनीने ते ओळखलं. पण दुखावली नाही. "मिट डोळे," म्हणाली. "मी आहे इथेच. थांबते."

मी डोळे मिटले. दुखणं हळूहळू ओसरू लागलं. चेहऱ्याला वारा लागत होता. कोणी जवळून, जीव तोडून बोलत असलं की हातांचा लागतो तसा, थोडा गालावर, थोडा पापण्यांवर. थांबते म्हणाली आणि हिला राहवत नाही, असं वाटून मला हसू आलं.

"अगं, थांब की," मी हातांनी म्हटलं. "दिसत नाहीये मला."

वारा थांबेना. मी डोळे उघडले.

मनी खुर्चीत पाठ टेकून बसली होती. दोन्ही हातांत कोऱ्या चहाचा कप धरून ती खिडकीबाहेर बघत होती. कपातली वाफ सरळ वर जात होती.

माझ्या पापण्यांवर वारा लागतच होता.