त्रेचाळिसावा संदर्भ

शास्त्रीय लेख लोक वरून खाली वाचतात असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. आम्ही प्राध्यापक मंडळी तो मागून उघडतो. शेवटी संदर्भांची यादी असते. हा लेख कुणाकुणाच्या कामावर उभा आहे, ते तिथे लिहायचं असतं, आणि प्रत्येक जण त्या यादीत आधी स्वतःचं नाव शोधतो. मिळालं की मग चष्मा पुसून बाकीचा लेख. मी बावीस वर्षं धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि ही खोड मलाही आहे. लाज कसली त्यात!

गेल्या ऑक्टोबरात समाधान बोरसेचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. समाधान माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. वयानं दहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतो, आणि नऊ वर्षं माझ्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यानं हक्कानं खाल्ली. स्टाफरूममध्ये पेढे फिरले. मीही एक तोंडात टाकला आणि मोबाइलवर लेख उघडला, अर्थातच मागून. संदर्भ बेचाळीस. ब्राझील, फिलिपिन्स, तामिळनाडू, सगळे हजर. दिपमाला नारखेडे कुठेच नाही.

मग लेख वाचला. केळीच्या मर रोगावर. केळीआधी ताग पेरून जमिनीत गाडला, तर रावेरकडच्या त्या मळ्यांत मर निम्म्यावर येते. हे माझं काम होतं हो! सहा हंगाम मी एसटीनं आणि टेम्पोनं हिंडून रोपं मोजली होती, त्यावर लेखही छापला होता. चौथ्या आलेखात तिसऱ्या वर्षाला जो खड्डा होता तोही माझाच, त्या साली गारपिटीनं रांगाच्या रांगा झोपल्या होत्या. माझ्या वह्या समाधानकडेच असायच्या, आकडेमोड तो छान करतो म्हणून मीच दिल्या होत्या. पेढा गिळवेना.

"अक्का, यादी लांबत होती," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "संपादक म्हणाले, छोटी नियतकालिकं काढून टाका."

"माझा २०१९ चा लेख छोटा?"

"ते नियतकालिक बंद पडलं ना आता, नेटवरही सापडत नाही."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. डिसेंबरात माझी प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि दाखवायला हे एकच काम होतं. समाधानच्या यादीत माझं नाव असतं, तर पहिला शोध माझा हे जगाला कळलं असतं. नाव नाही म्हटल्यावर उलट मीच त्याची नक्कल करणारी ठरणार होते. मी त्या दिवशी त्याला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर चोर म्हटलं. मग विद्यापीठाच्या चौकशी समितीकडे आणि त्या परदेशी संपादकाकडे तक्रार केली. मागणी एकच होती, माझं नाव त्या यादीत आलं पाहिजे.

दिवाळीच्या सुटीत मी असोद्याला माहेरी होते. तक्रारीला लेखाची छापील प्रत जोडायची म्हणून जळगावला एका झेरॉक्सवाल्याकडे गेले. सकाळी अकराचा सुमार, दुकानात ही गर्दी. प्रती हातात आल्या आणि सवयीनं शेवटचं पान बघितलं.

बेचाळीसच्या खाली त्रेचाळीस होता.

जीवराम लोटन महाजन, रावेर. पर्सनल कम्युनिकेशन. आणि तारीख, कालची.

पर्सनल कम्युनिकेशन म्हणजे कुठेही छापलेलं नाही, माणसानं समोर बसून तोंडी सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेल्यानं हे माझ्या तक्रारीवर उत्तर काढलं होतं! मी ही गोष्ट अक्काकडून नाही, थेट शेतकऱ्याकडून ऐकली, असं दाखवायला. तिथेच फुटपाथवर उभी राहून त्याला फोन लावला.

"जीवराम आबांचं नाव तू टाकलंस?"

समाधान घाबरला की अहिराणीवर येतो. "अक्का, तुमनी शपथ, माले काहीच माहीत नही. कोन शे हाऊ जीवराम?"

मी फोन बंद केला. कारण तो खरं बोलत होता. त्याला ते नाव माहीत असणं शक्यच नव्हतं. जीवराम आबांचं नाव मी कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, त्याला दिलेल्या वह्यांतही ते नव्हतं. शिवाय आबा २०२० साली वारले होते.

आता इथे माझं मला सांगितलंच पाहिजे. तागाची गोष्ट मला सुचली नव्हती. २०१३ च्या उन्हाळ्यात आबांनी त्यांच्या मळ्यात बाजेवर बसून ती मला सांगितली. चाळीस वर्षं बघत आलेला माणूस, एकेका रांगेचा इतिहास तोंडपाठ. मी लिहून घेत होते. उठताना त्यांनी विचारलं, "मॅडम, माह्यं नाव येईन ना त्यात?" मी म्हटलं, "येणार म्हणजे काय आबा, पहिलंच येईल."

आणि मी टाकलंही होतं, अगदी ह्याच शब्दांत. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक हसले. म्हणाले, शेतकऱ्याचं नाव संदर्भात? लोक तुला खुळ्यात काढतील. मी एका शब्दानं भांडले नाही. ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'असे निरीक्षणात आले.' कुणाच्या निरीक्षणात ते नाही लिहिलं. आबांनी दोनदा निरोप पाठवला, छापलेलं दाखवा म्हणून. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

घरी येऊन लॅपटॉपवर लेख पुन्हा उघडला. त्रेचाळीस होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितला, तारीख एक दिवसानं पुढे आलेली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मी झेरॉक्सची प्रत काढून पाहिली. त्या छापील कागदावरही तारीख कालचीच होती. शाई तशीच, अक्षर तसंच. मी ती प्रत घडी घालून कपाटात साडीखाली ठेवली आणि आईला म्हटलं, मला जरा ॲसिडिटी झालीय.

नोव्हेंबरात जळगावला समिती बसली. अध्यक्ष योगेंद्र सर, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, फार सज्जन आणि फार सावकाश. त्यांच्या प्रतीतही त्रेचाळीस होता. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"फक्त एक आहे," सर म्हणाले. "तोंडी माहितीचा संदर्भ द्यायचा तर सांगणाऱ्याचं संमतिपत्र लागतं. बोरसे, तुमच्याकडे आहे?"

समाधानचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, मी ही नोंद टाकलीच नाही."

"संपादक म्हणतात, पहिल्या दिवसापासून आहे. आणि पत्रही त्यांच्याकडे आहे." सरांनी एक कागद पुढे सरकवला. वहीचं फाडलेलं पान. खाली निळा अंगठा. तारीख चालू आठवड्याची. "माणूस जिवंत आहे म्हणायचा."

आबा गेले हे सांगितलं असतं, तर मी त्यांना कशी ओळखते हे सांगावं लागलं असतं. मग ताग कुणाचा, हेही. समाधान माझ्याकडे बघत होता. चोर तो होता, आणि मान मी खाली घातली.

दुसऱ्या दिवशी रावेरची गाडी पकडली. मनात काय होतं ते लपवत नाही. माफी मागायला मी जात नव्हते. आबांच्या घरच्यांकडून मला एक ओळ लिहून हवी होती, की आबांनी हे २०१३ साली दिपमालाबाईंना सांगितलं. म्हणजे समाधानच्या आधी माझा नंबर लागला असता.

आबांची बायको सुंदरबाई मळ्यातच राहते. घडांनी भरलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते, केळीच्या चिकाचा तुरट वास सगळीकडे. टळटळीत दुपार. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं.

"लई दिवसानं आल्या मॅडम."

"आबा गेल्याचं कळलं होतं. यायला जमलं नाही."

ती पदरानं तांब्या पुसत राहिली. मी संमतिपत्राची प्रत काढली. "बाई, हा अंगठा कुणाचा?"

"त्याइचा."

"कुणी लावला?"

"मी फक्त शाईची डबी नेली. लावला त्याइनंच."

बांधावर लिंबाखाली बाज होती. तिच्यावर कुणी नव्हतं. पण सुतळी मध्यभागी खाली गेलेली होती, बसलेल्या माणसाच्या वजनानं जाते तेवढी. वारा पडला होता, केळीचं पानही हलत नव्हतं. मी बघत असताना सुतळी कुरकुरली आणि खड्डा थोडा माझ्या बाजूला सरकला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण तिथेही माझी जीभ वळली ती स्वतःकडेच. "बाई, मला एवढं लिहून द्या, की आबांनी हे मला सांगितलं होतं. माझं नाव कुठेच नाही हो. मला फसवलंय."

सुंदरबाईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं वाटलं असतं.

"थांबा. विचारते."

ती बांधावर गेली. बाजेजवळ उकिडवी बसली. मला फक्त तिचं डोकं हलताना दिसत होतं, कुणाचं ऐकताना हलतं तसं. मग ती आली.

"ते म्हने, तिले काही लिवून देऊ नको. तिचं नाव आपनच टाकू."

मी जवळजवळ पळतच रस्त्याला लागले.

आठवड्यानं संपादकाची मेल आली. दुरुस्ती मान्य झाली होती. योगेंद्र सरांनी फोन करून अभिनंदन केलं, तक्रार निकाली निघाली म्हणाले. समाधाननं स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत माझे पाय धरले. "आलं ना अक्का नाव? मना जीव भांड्यात पडला." त्याला खरंच बरं वाटत होतं. मला त्याचा राग येईना, आणि न येण्याचाच राग आला.

मी लेख उघडला. मागून.

त्रेचाळीसच्या खाली चव्वेचाळीस.

दिपमाला नारखेडे, असोदा.

माझा २०१९ चा लेख नाही. नियतकालिकाचं नाव नाही, वर्ष नाही, पानं नाहीत. सहा हंगामांची एकही खूण नाही. नावापुढे फक्त पर्सनल कम्युनिकेशन.

म्हणजे मी काही लिहिलेलंच नव्हतं. कुठेतरी बसून तोंडी सांगणारी एक बाई. मी रडले. संतापानं रडले, कारण ज्या आबांनी मला इतकं अचूक फसवलं होतं, त्यांना बोल लावायला मला जागाच नव्हती.

मग तारीख बघितली.

आबांची तारीख रोज बदलते. माझी बदलत नाही. मी सलग नऊ दिवस बघितली. ती एका शुक्रवारची आहे, आणि पहिल्यांदा बघितली तेव्हा तो शुक्रवार अजून यायचा होता.

संपादकाला दोन मेल केल्या. उत्तर आलं, आमच्याकडे तुमचं संमतिपत्र आहे, सोबत जोडलं आहे. वहीचं पान. सही माझीच. मी ती केलेली नाही.

आज गुरुवार, उद्या तो शुक्रवार. कॉलेजला रजा टाकली. समाधान डबा घेऊन आला होता, मी दार उघडलं नाही. दुपारी चारला फोन वाजला. सुंदरबाई होती. मागे केळीची पानं सळसळत होती, आणि कुणीतरी हळू आवाजात, न थांबता बोलत होतं.

"मॅडम, उद्या सकायी येता का दुपारी? ते विचारून राह्यले."

तिनं फोनवर हात ठेवला, पलीकडे काहीतरी ऐकलं, आणि परत आली.

"आन कागद-पेन नका आनू म्हने. आता लिवाचं काही काम नाही."