न घडवलेला अंबाडा

थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे अख्ख्या पूर्णा तालुक्याला ठाऊक आहे. पण ही थाप नव्हे. त्र्याण्णवचा वैशाख, चुडावा गाव, भर दुपार. मार्तंडचा कॉम्प्युटर अजून त्याच्या घरात आहे.

मार्तंड मुंबईत जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर आकार घडवायचा. चारी बाजूंनी फिरवून बघावेत असे, जणू मातीच्या मूर्ती.

तो तिकडे असतानाच इकडे त्याची बायको, विमल, तापानं गेली. मागे तिचा एकही फोटो नाही.

म्हणून मशीन घेऊन तो गावी आला. तिचा चेहरा घडवायला. एकदा तरी बघायला.

शेजारची सरजाआत्या रोज भाकरी आणायची, पडद्यावर डोकवायची.

"हनुवटी जरा आखूड कर की रे. आन् डोकं मागून पोकळ का ठिवलास? फुटक्या मडक्यावानी दिसायलंय."

"आत्या, कॅमेऱ्याला जे दिसत न्हाई, ते घडवायचं नसतं. उगं येळ जातो."

धंद्याची रीतच ती.

महिन्यानं चेहरा पुरा झाला. मार्तंडनं बटण दाबलं. तेव्हा चित्र झटकन उमटत नसे. वरून खाली, एकेक ओळ. दोन-दोन तास.

तो एकटाच बसला. डोक्यावर पंखा घरघरत होता.

आधी केस आले. काळेभोर.

आता भांग येणार...

आला नाही.

केसच येत राहिले.

मग... अंबाडा. त्यात अबोलीचा गजरा.

पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना.

मग मान. मानेवर विमलचा तो भाजल्याचा जुना डाग...

यातलं काहीच त्यानं घडवलं नव्हतं.

त्यानं सगळं तपासलं. चेहरा कॅमेऱ्याकडेच होता. पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा अंबाडा. फक्त जरा लहान... चार पावलं दूर गेल्यासारखा.

भाकरी घेऊन आलेली आत्या दारातच थबकली. बराच वेळ बघत राहिली.

"तू मुंबईच्या गाडीत बसलास तवा ती टेशनावर हाका मारायली होती, मार्तंडा. वळून बगितलास का?"



त्या दिवसापासून तो आत्याकडेच राहतो. घराला कुलूप. रस्त्यानं चालताना दर दहा पावलांवर थांबतो, मागे वळून बघतो.

मी एकदा विचारलं, "दिसतं का रे कुणी?"

"न्हाई, काका. पाठमोरी तरी दिसावी..."

परवा त्या घरावरून गेलो. गावातली वीज सकाळपासून गेलेली.

कुलपाआड पंखा घरघरत होता...

मी वळून बघितलं नाही. तेच आता खातंय मला.