लिंबाखालची वीस मिनिटं

शिंगणापूर फाट्यावर उसाचा रस प्यायला दया थांबली आणि बाबांची जुनी व्हॅन तिनं बंद केली. रस झकास होता. पण परत येऊन सेल्फ मारला तर व्हॅन नुसती कण्हत राहिली. अर्ध्या तासानं, कुणी बोनेटला हातही न लावता, पहिल्याच सेल्फला सुरू झाली!

"पुढं जोएलचं गॅरेज हाय, दाखवून घ्या," रसवंतीवाला म्हणाला.

सावेडीतल्या एलियामास्तरांची ही लेक. त्यांची शिकवण अशी, की परक्या कुणाच्याही दारात जाताना आधी थांबावं, तोंड धुवावं, केस सारखे करावेत, मगच जावं. म्हणून गॅरेजच्या अलीकडे, वळणावरच्या लिंबाखाली, दयानं बाटलीतल्या पाण्यानं हात-तोंड धुतलं आणि मग गाडी पुढं घेतली.

गॅरेजला तीन भिंती होत्या. चौथीच्या जागी रस्ता.

"दार कुठंय?" तिनं विचारलं.

"दारच न्हाई," बोनेटमधून डोकं काढत जोएल म्हणाला. हात काळेकुट्ट, हसू मात्र लख्ख. "शनी-शिंगणापुरात घरांनाबी दारं न्हाईत, मग त्या वाटंवर दार कशाला? तुमी टीचर ना?"

"कशावरून?"

"बोटाला खडू हाय."

आत्ताच तर हात धुतले होते! दयानं बोटं ओढणीत लपवली. त्यानं किल्ली फिरवली आणि व्हॅन एका दमात सुरू झाली.

"ठनठनीत हाय की, टीचर."

दया अशी लाजली, जणू खोटं तीच बोलली होती.

दर शनिवारी ती नेवाशाजवळच्या एका चर्चच्या मुलांना गाणी शिकवायला जायची. पुढच्या शनिवारी तापलेली व्हॅन बंद करून ती पुन्हा लिंबाखाली थांबली, तोंड धुऊन सेल्फ मारला, तर व्हॅन कण्हली. बंद गाडी चार माणसांकडून ढकलत का त्याच्यापुढं न्यायची? वीस मिनिटं गाडीनंही दम खाल्ला, तिनंही वेणी सारखी केली. गॅरेजात व्हॅन लगेच सुरू! जोएलनं बिचाऱ्यानं प्लग साफ केले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, चहा पाजला आणि तिच्याकडून एक गाणंही ऐकून घेतलं.

तिसऱ्या शनिवारी निघताना बाबा म्हणाले, "बाळा, तू रस्त्यात एकटी अडकतेस, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आज दुरुस्त झाली तर ठीक... नाहीतर उद्या प्रार्थनेनंतर मी भंगारवाल्याला बोलावतो."

भंगार! म्हणजे व्हॅन गेली, गाणी गेली, फाटाही गेला. आता खरं सांगायलाच हवं होतं. गाडी फक्त तापल्यावर रुसते, हे दयाला मागच्याच शनिवारी कळलं होतं. पण सांगितलं असतं तर तासाभरात दुरुस्त झाली असती आणि मग... मग जोएलकडे जायला निमित्त काय उरलं असतं?

विचारांच्या नादात ती सवयीनं लिंबाखाली थांबली. तोंडावर पाणी मारत होती, तेवढ्यात शेजारी मोटारसायकल थांबली.

"टीचर? हितं काय करताय?"

"गाडी... जरा दम खातेय."

जोएलनं बोनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. मग ओली बाटली पाहिली, तिचा ओला चेहरा पाहिला.

"दर बारीला हितं थांबता?"

तिनं मान हलवली. तो पोट धरून हसला. "पेशंटचा ताप उतरवून मग डाक्टरकडं आनता व्हय! मारा सेल्फ."

व्हॅन कण्हली. त्यानं प्लगची वायर काढून पाहिली, करंट नव्हता. मग तिच्याच बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवून त्यानं कॉईलवर गुंडाळलं. थोड्या वेळानं पुन्हा सेल्फ... आणि व्हॅन सुरू!

"ही कॉईल प्लगला करंट देती, तापली की देत न्हाई. येवढंच." मग तो हळूच म्हणाला, "तापल्यावरच बंद पडती, हे तुमाला कधी कळलं?"

"...मागच्या शनिवारी."

"मग बोलला का न्हाई?"

दया ओढणीनं ओला चेहरा पुसू लागली. तिनं न सांगताही त्याला समजलं असावं, कारण त्याचे कान लालबुंद झाले होते.

गॅरेजात नेल्यावर तासाभरात नवी कॉईल बसली. तापलेली व्हॅन आता पहिल्या दमात सुरू होत होती.

"आता तुमाला कुठंच थांबायची गरज न्हाई, टीचर," तो म्हणाला. गाडी बरी झाल्यावर इतका उदास झालेला मेकॅनिक दयानं पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशी मुलांपेक्षा तीच जास्त बेसूर गायली. घरी बाबा मात्र व्हॅनवरून हात फिरवत खुशीत होते.

पुढचा शनिवार. ऊन, धूळ, फाट्यावर दर्शनाच्या गाड्यांची रांग. लिंबाचं झाड आलं आणि मागं गेलं. दया थांबली नाही. थेट गॅरेजसमोर तिनं व्हॅन उभी केली आणि बंद केली.

जोएल धावत आला. "परत बिघडली?"

तिनं किल्ली फिरवली. व्हॅन गुरगुरली. तिनं पुन्हा बंद केली.

"नाही."

आत भिंतीला नवा आरसा टांगला होता. खाली बादली, साबणाची वडी, घडी न मोडलेला टॉवेल.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "म्हनलं... आल्या तर लिंबाखाली थांबाया नको. हितंच तोंड धुतील."

दयानं आरशात पाहिलं. कपाळावर धूळ, केस विस्कटलेले, नाकावर घाम. पण आज तिला लपायचं नव्हतं.

"बाबा म्हणतात, तोंड धुऊन परक्याच्या दारात जावं." ती थांबली, मग एका दमात बोलून गेली, "आपल्या दारात तसंच गेलं तरी चालतं. म्हणून आज तशीच आले, जोएल."

त्याच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायचंही त्याला सुचलं नाही. काळ्या हातांकडे पाहत तो गडबडीनं बादलीकडे वळला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"राहू दे."

तिच्या बोटांना ग्रीस लागलं, त्याच्या मनगटाला खडू.

"दया," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "रविवारी बाबांना भेटाया येऊ?"

"ये," ती हसली. "पण तोंड धुऊन ये हं. तुझ्यासाठी ते दार अजून परकं आहे."