हातांची चौथी जोडी

लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात राजकन्या ऑगस्टा, म्हणजे राजाच्या आत्या, सकाळी स्वतःच्या हाताने काही म्हणजे काही अंगात घालत नसत. आतला पांढरा झगा आधी शेकोटीपुढे गरम करायचा. दासी पेगने तो लेडी डोरोथीकडे द्यायचा, डोरोथीने लेडी हेस्टरकडे, आणि हेस्टरने राजकन्येच्या डोक्यावरून घालून गळ्याशी नाडी बांधायची. तोवर तिघींच्याही माना खाली. दिसायचे ते फक्त हात.

शेकोटीपासून अंतर चार पावलांचं! तरी हेस्टरच्या हातात झगा यायचा तो थंडगार. नुसता गार नाही, दमट. नदीच्या गाळाचा वास येणारा.

सोमवारी राजकन्या शहारल्या. मंगळवारी चक्क किंचाळल्या. "उद्याही असाच आला, तर सामान बांधायचं!"

हेस्टरसाठी सामान बांधायचं म्हणजे नॉर्थम्बरलँडला परत जायचं, साठीच्या नवऱ्याकडे आणि त्याच्या अठरा शिकारी कुत्र्यांकडे. जेमतेम एकोणीस वर्षांची होती ती. दरबारातली ही जागा मिळाली म्हणून तर सुटली होती! आधी ही जागा लेडी कॅथरीनची होती. कॅथरीन नोव्हेंबरात राजवाड्याच्या घाटावरून थेम्समध्ये पडली. सापडलीच नाही.

बाहेर येताच हेस्टरने पेगला गाठलं. "मुद्दाम ओला करतेस ना गं?"

"मी? बाईसाहेब, बोटं भाजलीत माझी, हे बघा!" खरंच लालबुंद होती.

"मग डोरोथीबाई, तुम्ही?"

"माझ्या हातून जातो तो ताज्या पावासारखा गरम असतो," डोरोथी म्हणाली. "बर्फाची तूच आहेस, राणी. नवरा बोलला नाही कधी?"

पेग फिसकन हसली. डोरोथी मात्र हसली नाही. "आणि मला अशी खेटून उभी राहू नकोस. मधे जागा सोडत जा."

"कशासाठी?"

डोरोथी झरझर निघून गेली.

बुधवारी हेस्टरने मान खाली घातली आणि हात मोजले. पेगचे, भाजलेले. डोरोथीचे, गुबगुबीत, अंगठ्यांनी भरलेले.

मग आणखी दोन.

बारीक. निळसर. नखांत गाळ. त्यांनी डोरोथीकडून झगा अलगद घेतला.

हेस्टर ओरडली असती तर संपलंच होतं सगळं. तिने दात आवळले, त्या बोटांवरून हात घातला आणि झगा हिसकावला.

गरम! अजून गरम होता!

तिने तो घाईघाईने राजकन्येच्या डोक्यावरून सोडला.

"अहाहा!" कापडाच्या आतून आवाज आला. "जमलं बाई तुला एकदाचं, कॅथरीन."

"मॅडम... मी हेस्टर."

राजकन्येचं डोकं बाहेर आलं. त्या हेस्टरच्या खांद्यापलीकडे बघत होत्या.

"तुला कोण विचारतंय? तू घरी जा, बाळ. दोघींना जागा नाही इथे."

मान वर न करता डोरोथी एक पाऊल बाजूला सरकली.

हेस्टरचे दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबलेले होते.

राजकन्येच्या गळ्याशी नाडीची गाठ बसत होती. सावकाश. अगदी नीटनेटकी.