शून्य खोट्या इशाऱ्यांचा सत्कार

सन २०५८. जव्हारच्या पठारावरील अवकाश केंद्राला कोडे पडले होते. टिटवीने वर्षभरात दोनशे बारा इशारे दिले, त्यांतले दोनशे नऊ खोटे. टिटवी कामाची की बिनकामाची?

टिटवी म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारी दुर्बीण. गॅमा किरणांचा स्फोट (दूरचे तारे कोसळताना किंवा एकमेकांवर आदळताना निघणारा अतितीव्र झोत) दिसला की ती ओरडे. मग इतर दुर्बिणी घाईने तिकडे वळत. उशीर झाला, तर स्फोटामागे उरणारी धग विझते.

"मग ती खोटं का बोलते?" बारा वर्षांच्या मृण्मयीने विचारले. तिचे आजोबा डॉ. टिपणीस यांनीच टिटवी घडवली होती.

"खोटं नाही गं, ती मोजते. सेकंदाला शंभरेक किरण एरवीही येतात. कधी नव्वद, कधी एकशे दहा. आम्ही दीडशेवर रेषा मारली. आकडा वर गेला, की ओरड. पण कधी योगायोगानंच जातो. कधी सूर्य उसळतो. कधी भटका कण आदळतो."

"मग रेषा वर न्या."

"नेली की अंधूक स्फोट खाली राहतात."

"म्हणजे एक तर ओरडणारी टिटवी, नाहीतर मुकी!"

मृण्मयीला हे चार मिनिटांत समजले. चौकशी समितीने चौदा महिने घेतले आणि रेषा तीनशेवर नेली. पुढच्या वर्षी एकही खोटा इशारा आला नाही. खराही आला नाही, पण अहवालात तसा रकाना नव्हता. संचालकांना शाल, श्रीफळ मिळाले.

टिटवीची मोजणी सर्वांना खुली असते. कुणी बघत नाही, एवढेच. सत्कारानंतर आठवड्याने मृण्मयीने बघितली.

"आजोबा, दोनशे चाळीस! सलग दोन सेकंद. योगायोगानं एवढे होत नाहीत. सूर्य तेव्हा पृथ्वीआड होता. आणि दोन्ही शोधकांत (किरण टिपणाऱ्या स्फटिकांत) एकदमच. भटका कण एकालाच लागला असता ना?"

आजोबांनी त्या नोंदीची वेळ पाहिली. सत्काराचीच होती.

"खरा होता," ते म्हणाले. "धग विझली, त्यामुळे किती कोटी वर्षं चालत आला, तेही आता कळायचं नाही. आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो."

"रेषा खाली आणू या."

"अर्ज लागेल, तीन प्रतींत. माझी सही चालत नाही, मी निवृत्त."

"माझी चालेल?"

"मुलांनी करू नये असा नियम नाही. सुचला नसेल."

मृण्मयीने लिहिले, 'वर्षाला निदान दोनशे खोटे इशारे मंजूर व्हावेत, ही नम्र विनंती.'

आजोबांनी दोनदा वाचले.

"खाली माझंही नाव घाल. कंसात निवृत्त."