फक्त मिरची

ज्या माणसाच्या मी प्रेमात पडले, तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या मालावर बूट घालून उभा होता.

कळमन्याच्या बाजारात फेब्रुवारीत जिकडे बघावं तिकडे मिरचीचे ढीग. त्यातला भिवापुरी जातीचा एक ढीग मी नुकताच लिलावात घेतला होता. पैसे द्यायला अडत्याकडे गेले आणि परत येऊन बघते तर पांढऱ्या शर्टातला एक लांबडा माणूस त्याच ढिगात उभा राहून मोबाईलवर फोटो काढतोय.

"ओ भाऊ, पाय काढा."

त्यानं वळून पाहिलं. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि तोंड उघडलं तर आधी शिंकच.

"सॉरी, मी फक्त..." शिंक. "रंग बघत होतो."

"रंग डोळ्यानं पाहातेत, बुटानं नाही. लोकं खाणार आहेत हे."

तो घाईघाईनं मागे सरकला, तो थेट शेजारच्या ढिगावर. तिथला हमाल त्याच्यावर खेकसला. मग तो बिचारा एका पायावर उभा राहिला, बगळ्यासारखा. मला हसू यायला नको होतं, पण आलं. नागपूरच्या पोरीच्या पर्समध्ये उन्हासाठी एक जास्तीचा स्कार्फ असतोच. गुलाबी फुलाफुलांचा तो स्कार्फ मी त्याच्या हातात कोंबला.

"नाकाले बांधा. नाहीतर इथंच पडसान."

त्यानं बांधला. वर दोन ओले डोळे तेवढे उरले. त्या डोळ्यांनी तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला... आणि पुन्हा शिंकला.

"हा परत कुठे आणून देऊ?"

"ठेवून घ्या. त्याच्यात काही राहिलं नाही आता."

संपलं, असं मला वाटलं होतं.

आठवडाभरानं मी एका हॉलमध्ये बसले होते. 'लहान उद्योग, मोठे जग' असा बॅनर. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, समोशाच्या पुड्या वाटून झाल्या. मग ज्यांनी जन्मात किलोभर काही विकलं नाही ते लोक एकेक करून आम्हाला जगाशी स्पर्धा कशी करायची ते सांगायला लागले. ब्रँडिंग करा. पॅशन ठेवा. स्वप्न बघा. माझ्या बाजूची पापडवाली झोपली होती. तिच्याइतकं शहाणं त्या हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

शेवटचा वक्ता उठला. तोच, बगळा. बोलायला लागायच्या आधीच मी हात वर केला.

"एक सांगा. मी भिवापुरी कांडून विकते. कळमन्याचा मोठा व्यापारी माझाच माल नेतो, त्याच्या पुड्यांत भरतो, त्याचं नाव लावतो आणि दुबईला पाठवतो. म्हणजे मिरची तर जगात जाऊनच राहिली ना? मग पुड्यावर माझ्या आईचं नाव काहून नाही?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "प्रश्न शेवटी घेऊ." पण त्यानं माझ्याकडे बघितलं. ओळखलं. आणि माईक बाजूला ठेवून साध्या आवाजात म्हणाला, "मला माहीत नाही. पण शोधता येईल. तुमच्या कांडपावर येऊ का?"

एवढ्या लोकांसमोर 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस मी असल्या हॉलमध्ये पहिल्यांदाच पाहिला.

"या," मी म्हटलं. "बूट बाहेर काढावे लागतील."

त्याचं नाव जितेंद्र. लहान कारखान्यांना परदेशी गिऱ्हाईक शोधून देणाऱ्या एका ऑफिसात कामाला. राहायला नागपुरातच, पण ऑफिसनं त्याची मराठी इस्त्री करून ठेवली होती. माझं कांडप कामठी रोडला, भाड्याच्या शेडमध्ये. माझी आई, शोभाताई, आधी घरीच मिरची कांडून गल्लीत विकायची. मी ते शेडमध्ये आणलं. आई, मी, अंजनाबाई आणि आणखी चार बाया. पुड्यावर नाव, 'शोभाताईची मिरची'. त्याखाली, 'फक्त मिरची. दुसरं काही नाही.' हे वाक्य माझं. रंग मारणाऱ्या, भुसा घालणाऱ्या सगळ्या भामट्यांच्या तोंडावर मारायला लिहिलेलं.

तो यायला लागला. डोक्याला टोप्या घालायला लावल्या, हात कसे धुवायचे ते शिकवलं, प्रत्येक पोत्यावर तारीख टाकायला लावली. अंजनाबाई टोपी घालून आरशात बघत म्हणाली, "मयुरा, या पोट्ट्यानं आपल्याले डॉक्टर करून टाकलं वं."

"डॉक्टरपेक्षा तुमचा हात हलका आहे," तो म्हणाला.

"लोणी नको लावू. कामाचं बोल."

मार्चमध्ये एका दुपारी आभाळ अचानक काळं झालं. अंगणात मिरची वाळत पडलेली. अवकाळी पाऊस विदर्भात कोणाला विचारून येत नाही. बाया पोती ओढायला धावल्या, मी ताडपत्री ओढली, आणि तिचं दुसरं टोक कोणीतरी पकडलं. जितेंद्र. आज चप्पल घालून आला होता. ती पण भिरकावून अनवाणी. गारा ताडपत्रीवर तडतडत होत्या आणि आम्ही दोघं खाली वाकून, ढिगावर छत धरून. ओल्या मिरचीचा वास येत होता, उग्र... आणि गोडही. त्याच्या बाहीवर लाल ओघळ उतरत होते.

"शर्टाची वाट लागली तुमच्या."

"ऑफिसात सांगीन, खून करून आलो."

"कोणाचा?"

"तेच पाहून राहिलो... माझाच झाला असं वाटते."

इस्त्री गेली होती सगळी. पावसात माणसाची खरी भाषा वर येते. मी खाली बघितलं. कान गरम झाले, पण आवाज ताब्यात होता.

"डायलॉग बरा आहे. ताडपत्री वर धरा, पाणी आत येते."

त्यानं धरली. मिरची वाचली. माझं मात्र काही खरं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्यानं गिऱ्हाईक आणलं. रॉटरडॅमची एक बाई, मसाल्यांची तिची स्वतःची दुकानं. तिला एकाच गावची, एकाच जातीची मिरची हवी होती आणि पुड्यावर ती करणाऱ्याचं नाव हवं होतं. आईचं नाव. मराठीत, तसंच. आई दिवसभर नुसती पुडा हातात घेऊन उलटसुलट करत होती. आम्ही जीव तोडून माल तयार केला. पोती भरली, शिवली. नमुना लॅबमध्ये तपासायला गेला.

आणि नापास झाला.

जितेंद्र भर उन्हात आला, हेल्मेट न काढताच उभा राहिला. "शेंगदाण्याचा अंश सापडला आहे. तुम्ही इथं दाणे कुटता का?"

"काही पण काय बोलता? पुड्यावर काय लिहिलंय ते वाचा. फक्त मिरची."

"मयुरा, लॅबचं मशीन खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का?"

आई तिकडे मिरचीच्या परातीसमोर बसली होती. नेहमीसारखी तिनं वाटीत बोटं बुडवली, तळव्याला चोळली आणि मिरचीवरून हात फिरवला. कांडायच्या आधी तेलाचा हात. धूळ उडत नाही, रंग बसतो. तिची आई लावायची, नागपूरच्या सगळ्या आया लावतात.

आम्ही दोघांनी एकदमच तिच्या वाटीकडे बघितलं.

"आई, तेल कोणतं आहे ते?"

"कोणतं म्हणजे? फल्लीचं. आपल्या घरी दुसरं कोणतं असते?"

फल्लीचं. शेंगदाण्याचं. कणीक भिजवताना पाणी घातलं म्हणून कोणी सांगतं का? तसं होतं ते आमच्यासाठी. तेल हा घटक नव्हताच, तो हात होता. भामट्यांच्या तोंडावर मारायला लिहिलेलं वाक्य माझ्याच थोबाडावर बसलं होतं.

"तुम्ही दोन महिने इथं उभे होता," मी त्याच्यावर उखडले. "एक्स्पर्ट ना तुम्ही? दिसलं नाही?"

"दिसलं. रोज दिसलं." त्यानं हेल्मेट काढलं. "माझी आई पण लावते. म्हणून... दिसूनही दिसलं नाही."



आई घाबरून म्हणाली, "पण तेलानं काय होते गा? घरचं चांगलं तेल आहे."

"काकू, काही लोकांना शेंगदाणा अजिबात चालत नाही. घसा सुजतो, श्वास बंद होतो. पुड्यावर लिहिलेलं नसेल तर ते विश्वासानं खातात."

आईनं वाटी दूर सरकवली. तिचा चेहरा मला बघवेना.

"आणखी एक आहे," जितेंद्र म्हणाला. आवाज खाली गेला. "ऑफिसातले सर म्हणाले, तिला नमुना नापास झाला एवढंच सांग. ऑर्डर एका मोठ्या कारखान्याकडे वळवायची. ते कळमन्यातून भिवापुरी उचलतील. नाव त्यांचं."

मला माहीतच होतं. लहानाला मदत म्हणजे हेच. बोट धरून दारापर्यंत न्यायचं आणि आत दुसऱ्यालाच ढकलायचं.

"मग तुम्ही हे सांगायला काहून आले? सरांचं ऐकायचं होतं."

त्यानं खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर रॉटरडॅमच्या बाईचा नंबर. गिऱ्हाइकाचा नंबर त्यांचं ऑफिस कोणाला देत नाही. त्यावरच तर त्यांचं पोट चालतं.

"मी बोलू का तिच्याशी?" त्यानं विचारलं. "माझी इंग्रजी..."

"चूक माझ्या पुड्यावर आहे. मीच बोलते."

बोलले. माझी इंग्रजी म्हणजे खड्ड्यातून चालणारा ऑटो, पण पोचतो. मी सांगितलं, तेल आम्ही घातलं. पिढ्यान्‌पिढ्या घालतो. लपवलं नाही, आम्हाला ते तेल दिसतच नव्हतं. आता दिसलं. भरलेला माल तुम्हाला देणार नाही. सगळं मशीन खोलून धुईन, पुन्हा कांडीन, पुन्हा तपासा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, दुसऱ्यांदा नापास झालं तर पुन्हा फोन करू नका. आणि ऑर्डर आधीच्या निम्मी.

"चालेल," मी म्हटलं. फोन ठेवला.

भरलेला माल आम्ही इथंच विकला, पुड्यावर 'फल्ली तेल लावलेली' असं ठळक छापून. घाटा झाला. होऊ दे. मशीनचा नट अन् नट खोलला. शेडमधून तेल गेलं, वाटी गेली, आणि बायांच्या डब्यातली दाण्याची चटणीही गेली.

"आता ती बाई रॉटरडॅमहून माझ्या डब्यात पाहून राहिली का?" अंजनाबाई कुरकुरली. "कारल्यात दाण्याचं कूट नाही घालायचं तर कारलं खायचंच कायले?"

"शेडच्या बाहेर खा. हात धुऊन ये."

तेलाविना मिरची कांडणं म्हणजे शिक्षा. धूळ डोळ्यात, घशात, कानात. खिडक्यांना ओली फडकी लावली, मशीन हळू चालवलं, थोडी थोडी मिरची घातली. जितेंद्र रोज यायचा, तोंडाला फडकं बांधून मशीन पुसायचा. एकदा फडकं पिळताना आमची बोटं एकमेकांना लागली आणि दोघांनीही लगेच काढली नाहीत...

"ऑफिस नाही का तुम्हाला?"

"आहे की. सुट्टी टाकली."

"रोज?"

"भल्ली सुट्टी साठली होती."

खोटं बोलता येत नव्हतं त्याला. पण माझ्या डोक्यात मशीन होतं, मी सोडून दिलं. कांडलेली पहिली मिरची उन्हात धरून आईनं बघितली. रंग तसाच, रक्तासारखा. भिवापुरीचा रंग तेलाच्या भरवशावर नव्हताच कधी. आम्हीच तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

या वेळी नमुना पास झाला.

ट्रक आला त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पोती चढत होती, प्रत्येकावर आईचं नाव. आई सावलीत बसून प्रत्येक पोत्याकडे लेक सासरी पाठवावी तशी बघत होती. जितेंद्र आणि मी मिळून एक पोतं उचललं, फळीवर ठेवलं. दोघंही धापा टाकत.

"आता तरी जा ऑफिसात," मी म्हटलं. "सर शिव्या देत असतील."

"देऊन झाल्या. काढलं त्यांनी मला. तुम्हाला नंबर दिला त्याच दिवशी."

"आणि हे आता सांगून राहिले? इतके दिवस खोटं? मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उपकार मानले असते." त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "मग पुढचं विचारता आलं नसतं. उपकाराखाली दबलेल्या माणसाला काय विचारायचं?"

"पुढचं... काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असलं तरी विचारा. मी अंदाजावर माल देत नाही."

तो हसला. मग हसू गेलं आणि नुसते डोळे राहिले. "मयुरा... मले तुह्यासंगं राहायचं आहे. लग्न करून. नोकरी शोधीन, मिळेल. तुह्या कांडपात मले हिस्सा नको, खुर्ची नको. माह्या घरी ये म्हणणार नाही. आपण घर पाहू कुठंतरी, इथून जवळ."

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. घशाशी आलं ते वेगळंच.

"कांडप माझं राहील. पुड्यावर आईचं नाव राहील. आणि मी चिडते, खूप चिडते, ते जाणार नाही."

"चिडणं गेलं तर मी पण जाईन."

"मग हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. किती वेळा म्हणू? तुह्यावर जीव आहे माझा, ताडपत्री धरली होती तेव्हापासून. पुरे ना आता?"

त्यानं हात पुढे केला. मी दिला. दोघांचेही तळवे मिरचीनं पेटलेले होते, धरल्यावर आणखीच भाजायला लागले.

मागून अंजनाबाईचा आवाज आला. "हात धरून उभं राहाचं असन तर बाजूले व्हा वं. ट्रक मागं येऊन राहिला."

आम्ही बाजूला झालो. हात सोडले नाहीत.